‘बेत बदलला’ : १८१२ मधील अमेरिकन मिशनऱ्यांच्या प्रवासाचा विचार

परदेशी जाऊन अल्पकाळ धर्मकार्य करावे आणि स्वदेशी परतावे, ही प्रथा अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळ्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फार वाढली. जॉर्ज व्हर्वर यांनी १९५७ मध्ये काही विद्यार्थी-सोबत्यांसह केलेली मेक्सिकोची फेरी आणि लॉरेन कनिंगहॅम यांनी १९६० मध्ये स्थापन केलेली ‘यूथ विथ अ मिशन’ ही संस्था, या दोन घटनांपासून तिचा आधुनिक इतिहास बहुधा सांगितला जातो. रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञाने २००५ सालच्या पाहणीवरून केलेल्या अंदाजानुसार, अमेरिकेतील सुमारे १६ लाख चर्च-सभासद वर्षाकाठी अशा प्रवासास जात. प्रवास आठपंधरा दिवसांचा असतो. त्याची आखणी मात्र कित्येक महिने आधीपासून चाललेली असते. आणि ही आखणी जशीच्या तशी पार पडली असे सहसा घडत नाही. कोठे प्रवेशपरवाना मिळत नाही, कोठे पूर येतो, कोठे यजमान मंडळीलाच ऐन वेळी दुसरे काम निघते. २०२० मध्ये साथीच्या रोगाने सगळेच प्रवास थांबले. फेब्रुवारी १९२१ च्या नव्हे, तर फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर ब्रह्मदेशासारखा एखादा देशच्या देश प्रवाशांना जवळजवळ मिटला गेला. अशा प्रवाशांना जो उपदेश केला जातो त्याचे सार एका शब्दात सांगता येते : लवचीकपणा. परंतु हा शब्द उपदेशास पुरेसा असला तरी स्पष्टीकरणास पुरेसा नाही. बेतातील काय वाकवावयाचे, काय ताठ ठेवावयाचे आणि हे कोणी ठरवावयाचे, या तीन प्रश्नांबाबत तो मौन पाळतो.

या प्रश्नांचा विचार करण्यास एक जुने उदाहरण फार उपयोगी पडते. १८१२ मध्ये अमेरिकेहून आशियाकडे निघालेल्या पहिल्या मिशनरी तुकडीचे हे उदाहरण होय. त्यांचा प्रवास अल्पकाळाचा नव्हता. जन्मभर परत न येण्याच्या तयारीने ते निघाले होते. तथापि निघाल्यापासून दोन वर्षांच्या आत त्यांचा बेत इतक्या वेळा आणि इतक्या प्रकारांनी बदलला की, एखाद्या प्रयोगशाळेत मांडावा तसा हा विषय तेथे मांडलेला दिसतो. शिवाय या बदलांचा एक परिणाम थेट मराठी भाषेच्या इतिहासात उतरला आहे.

‘अमेरिकन बोर्ड ऑफ कमिशनर्स फॉर फॉरिन मिशन्स’ ही संस्था १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात स्थापन झाली. तिच्या मुळाशी अँडोव्हर येथील धर्मशास्त्र-विद्यालयातील काही तरुणांचा आग्रह होता. त्यांपैकी अडोनिराम जडसन याच्या मनावर मायकेल साइम्स याने आवा येथील दरबारातील वकिलातीविषयी लिहिलेल्या ग्रंथाचा पगडा होता. त्यामुळे त्याचे लक्ष ब्रह्मदेशाकडे लागले होते. संस्थेने या तरुणांसाठी ठरविलेले कार्यक्षेत्र मात्र पाहण्यासारखे आहे. ब्रह्मी साम्राज्य, किंवा सुरत, किंवा पिनांगचे बेट, किंवा अन्यत्र जेथे अनुकूल द्वार उघडेल तेथे, असा त्याचा आशय होता. नकाशावर ही स्थळे एकमेकांपासून शेकडो कोस दूर आहेत. त्यांच्या भाषा वेगळ्या, राज्यकर्ते वेगळे, धर्म वेगळे. बोस्टनच्या आसपास बसलेल्या मंडळींना आशियाची पुरती माहिती नव्हती हे या ‘किंवा’वरून उघड होते. पण त्याच अव्ययाने पुढे त्यांचे कार्य तारले, हेही तितकेच खरे. बेतात आरंभीच ‘किंवा’ घातलेला असल्यामुळे स्थळ बदलणाऱ्यावर आज्ञाभंगाचा ठपका येणार नव्हता.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथील टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली : जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि लूथर राइस. पैकी राइस अगदी शेवटच्या क्षणी सामील झाला, आणि तोही स्वतःच्या खर्चाची तजवीज स्वतः करण्याच्या अटीवर. संस्थेजवळ पैसा तोकडा होता; व्यापारी जहाजे सुटण्याच्या बेतात होती; इंग्लंडशी युद्ध होण्याची चिन्हे दिसत होती आणि ते एकदा सुरू झाले की जहाजे बंद पडणार होती. मिशनची तारीख अशा रीतीने मीठमसाल्याच्या व्यापाराने ठरविली. जडसन व न्यूएल ही दोन जोडपी १९ फेब्रुवारीस सेलमहून ‘कॅरव्हॅन’ या जहाजातून निघाली. नॉट पतिपत्नी, हॉल व राइस हे फिलाडेल्फियाहून ‘हार्मनी’ या जहाजाने काही दिवसांनी निघाले. दोन जहाजे करण्यात हेतू असा सांगितला जाई की, एक बुडाले तर दुसरे उरावे.

‘कॅरव्हॅन’ १७ जून १८१२ रोजी कलकत्त्यास पोचले. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले. ती वार्ता हिंदुस्थानात पोचावयास बराच अवधी लागला, परंतु कंपनी सरकारला त्यांची अडचण वाटण्यास युद्धाची गरज नव्हती. १८०६ च्या वेलोर येथील शिपायांच्या बंडानंतर धर्मप्रचारकांमुळे राज्यास धोका पोचतो असा एक पक्ष कंपनीत बळावला होता. परवान्याशिवाय आलेल्या या परकीयांना देश सोडण्याची आज्ञा झाली. सेरामपूरच्या विल्यम केरीप्रभृतींनी त्यांचे आतिथ्य केले, पण त्यांना ठेवून घेणे त्यांच्या हाती नव्हते. ब्रह्मदेशाविषयी जी माहिती तेथे कानी आली तीही भयंकर होती. तेव्हा मूळ बेतातील पहिले स्थळ तूर्त सोडून द्यावे लागले. उरले ते एकच : कंपनीच्या मुलखाबाहेरचे मॉरिशस. हे बेट १८१० पासून इंग्रजांच्याच ताब्यात होते, परंतु तेथे कंपनीची सत्ता चालत नव्हती.

या ठिकाणी पाच जणांच्या वाटा फुटतात. मराठी व्याकरणाच्या अभ्यासकास येथे एक साधी गोष्ट आठवावी. ‘बदलणे’ हे आपल्या भाषेतील अशा थोड्या धातूंपैकी आहे की जे रूप न पालटता अकर्मकही होतात आणि सकर्मकही. ‘त्यांनी बेत बदलला’ आणि ‘त्यांचा बेत बदलला’ या दोन वाक्यांत क्रियापदाचे रूप एकच आहे. फरक आहे तो केवळ ‘त्यांनी’ आणि ‘त्यांचा’ यांत. एका विभक्तिप्रत्ययाने जबाबदारी कोणाची हे ठरते. १८१२-१३ मधील घटनांना हे दोन साचे लावून पाहिले असता, वरवर एकसारख्या दिसणाऱ्या बदलांतील भेद स्पष्ट होतो.

न्यूएल दांपत्याच्या बाबतीत दुसरे वाक्यच लागू पडते. मॉरिशसला जाणाऱ्या जहाजात दोघांपुरतीच जागा होती. हॅरिएट न्यूएल गरोदर होती. तिने प्रसूतीपूर्वी कोठेतरी स्थिर व्हावे म्हणून ती दोघे ४ ऑगस्टला पुढे निघाली. वादळी हवेने जहाज बंगालच्या उपसागरातच रेंगाळले, ते आंध्र किनाऱ्यावरील कोरिंगा बंदरात न्यावे लागले, आणि ज्या प्रवासास सहा आठवडे पुरावयाचे त्यास तीन महिने लागले. मूल जहाजावर अवेळी जन्मले आणि काही दिवसांतच गेले. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुई येथे हॅरिएटचा मृत्यू झाला. तिचे वय १९ वर्षांचे होते. ज्या कार्यासाठी ती निघाली त्या कार्यातील एक दिवसही तिच्या वाट्यास आला नाही. १८१४ मध्ये तिचे चरित्र व लेखन अमेरिकेत प्रसिद्ध झाले, त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, आणि ते वाचून अनेक स्त्रीपुरुष मिशनरी कार्याकडे वळले. यावरून पुष्कळ लेखकांनी हा मृत्यू कार्याच्या जमेच्या बाजूस मांडला आहे. परिणाम नाकारता येत नाहीत. तरीही पुस्तकाचे यश हा त्या मुलीच्या मृत्यूचा हेतू होता असे सूचित करणे म्हणजे नंतर घडलेल्या गोष्टीला आधीच्या गोष्टीचे कारण ठरविणे होय. लवचीकपणाच्या उपदेशाला अशी उदाहरणे नेहमीच अवघड जातात. म्हणूनच ती बहुधा कडेला ठेवली जातात.

जडसनची गोष्ट निराळी. त्याच्या बाबतीत दोन्ही वाक्ये खरी आहेत. ‘कॅरव्हॅन’वर असताना, केरीसारख्या बाप्टिस्टांची गाठ पडणार म्हणून तो बाप्तिस्म्यासंबंधीच्या ग्रीक वचनांचा अभ्यास करू लागला, आणि आपली पूर्वीची भूमिका चुकीची असल्याचे त्याचे मत होत गेले. ६ सप्टेंबर १८१२ रोजी त्याने व त्याच्या पत्नीने, ॲनने, कलकत्त्यास पुन्हा बाप्तिस्मा घेतला. नोव्हेंबरात राइसने त्यांचे अनुकरण केले. ज्या संस्थेने त्यांना पाठविले तिच्याशी संबंध तोडणे आता भाग होते. हा बदल कोणत्याही गव्हर्नराने लादलेला नव्हता. ग्रीक शब्दाच्या अर्थाविषयीच्या विचाराने तो घडविला होता आणि त्याची किंमत त्यांना पूर्ण ठाऊक होती : पगार नाही, पाठीराखे नाहीत, देशात राहण्याची परवानगी नाही. त्यानंतरचे मात्र सारे ‘त्यांचा बेत बदलला’ या सदरात पडते. कलकत्त्याहून मॉरिशस, तेथे पोचताच हॅरिएटच्या मृत्यूची वार्ता, तेथून पिनांगला जाण्याच्या उद्देशाने मद्रास. मद्रासेत पुन्हा इंग्लंडला रवानगी होण्याची धास्ती. आणि बंदरात सुटण्यास तयार असलेले एकच जहाज, तेही रंगूनचे. १३ जुलै १८१३ रोजी जडसन दांपत्य रंगूनला उतरले. ज्या देशाचा बेत करून ते निघाले, जो बेत कलकत्त्यास भीतीने सोडला, त्याच देशी दुसरा मार्ग न उरल्यामुळे ते येऊन पोचले. जडसनने तेथे उरलेले आयुष्य घालविले. १८३४ मध्ये बायबलचे ब्रह्मी भाषांतर पुरे केले आणि पुढे ब्रह्मी कोशाचे मोठे काम हाती घेतले.

आता हॉल आणि नॉट. मराठी वाचकास ही दोन नावे अधिक जवळची आहेत आणि त्यांची हकीकतही अधिक गुंतागुंतीची आहे. त्यांनी मॉरिशसला जाण्याची तयारी केली होती. इतक्यात त्यांच्या कानी आले की मुंबईचे नवे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे बायबल सोसायटीशी संबंधित, धार्मिक वृत्तीचे गृहस्थ आहेत. तेव्हा मॉरिशसऐवजी मुंबईच्या जहाजात बसावयाचे त्यांनी ठरविले. कलकत्ता सरकारला याचा सुगावा लागून त्यांना इंग्लंडला पाठविण्याचा हुकूम सुटला. परंतु तोपर्यंत ते जहाजावर चढले होते. ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबईस पोचले, आणि त्यांच्यामागोमाग कलकत्त्याचे फर्मानही. नेपियन यांनी त्यांना सौजन्याने वागविले. त्यांची रवानगी लांबत गेली, पण हुकूम रद्द झाला नाही. नोव्हेंबरात त्यांना जहाजावर चढविण्याची वेळ आली तेव्हा ते गुपचूप एका किनाऱ्याने जाणाऱ्या गलबतातून निघाले. न्यूएल तोवर सिलोनला पोचला होता. त्याला जाऊन मिळावे हा उद्देश. कोचीन येथे ते सापडले आणि त्यांना मुंबईस परत आणण्यात आले.

या पलायनाविषयी मिशनच्या इतिहासकारांचा सूर सहसा कौतुकाचा असतो. ते थोडे तपासून पाहावयास हवे. ज्या गव्हर्नराने त्यांना नऊ महिने सांभाळून घेतले त्याला त्यांच्या जाण्याने वरिष्ठांपुढे खाली पाहावे लागले. त्या दोघांचे समर्थन असे की, धर्मप्रसाराची आज्ञा मानवी सत्तेच्या आज्ञेहून श्रेष्ठ आहे. श्रद्धावंताच्या दृष्टीने हा युक्तिवाद बिनतोड असेल. पण बेत बदलण्याची मुभा आणि दिलेल्या विश्वासाला बगल देण्याची मुभा या दोन गोष्टी त्यात एकत्र कालविल्या गेल्या आहेत. परिस्थितीशी जुळवून घेणे कोठे संपते आणि हुलकावणी कोठे सुरू होते, हा प्रश्न १८१३ मध्ये संपलेला नाही. पर्यटकाच्या परवान्यावर जाऊन धर्मप्रचार करणाऱ्या आजच्या तुकड्यांपुढेही तो असतो. आणि त्याचे परिणाम बहुधा पाहुण्यास भोगावे लागत नाहीत. ते स्थानिक यजमानांना भोगावे लागतात.

या प्रकरणातील कालगणनाही लक्षात घेण्याजोगी आहे. मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी करणारा सनदेचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने जुलै १८१३ मध्येच संमत केला होता. त्याचा अंमल एप्रिल १८१४ पासून सुरू व्हावयाचा होता. म्हणजे ज्या बंधनातून सुटण्यासाठी हे दोघे नोव्हेंबरात गलबतात लपले, ते बंधन लंडनमध्ये आधीच सैल झाले होते. डिसेंबरात त्यांनी नेपियन यांना अखेरचे निकराचे निवेदन केले. रवानगी पुन्हा थांबली. लंडनमध्ये चार्ल्स ग्रँट यांनी त्यांची बाजू उचलली. आणि अखेर राहण्याची परवानगी मिळाली. मार्च १८१४ मध्ये न्यूएल सिलोनहून मुंबईस आला. पाचांपैकी तिघे आता एका ठिकाणी होते, आणि ते ठिकाण मूळ ठरावातील तीन नावांपैकी एकही नव्हते. ते ‘अन्यत्र’ या शब्दात बसले होते.

भाषेच्या अभ्यासकास या सगळ्यात विशेष मोलाची वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. इतके स्थलांतर होऊनही या मंडळींचे काय वाया गेले आणि काय टिकले? ब्रह्मी भाषा ते शिकून निघाले नव्हते. सबब मुंबईस आल्याने तो अभ्यास फुकट गेला असे झाले नाही. अँडोव्हरला त्यांनी जे शिकले होते ते म्हणजे हिब्रू आणि ग्रीक. कोणत्याही देशी गेले तरी उपयोगी पडेल असे हे भांडवल होते. जडसनला ते ब्रह्मी भाषांतरात कामी आले, हॉल आणि न्यूएल यांना मराठी भाषांतरात. बेतातील स्थळ गळून पडले तरी बेताचा हा भाग अभंग राहिला. किंबहुना असे म्हणता येईल की, ज्या तयारीचा कोणत्याही एका देशाशी संबंध नव्हता तीच या प्रवासातील सर्वांत उपयुक्त तयारी ठरली.

दुसरी गोष्ट मुंबईतील प्रतीक्षेची. १८१३ चे वर्ष त्यांनी हद्दपारीच्या छायेत काढले. आज की उद्या जहाजावर चढवतील अशा स्थितीत नवी भाषा शिकण्यास आरंभ करणे व्यवहाराला धरून नव्हते. तरीही त्यांनी मराठीच्या अभ्यासास सुरुवात केली. साधने अगदीच नव्हती असे नाही. केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये सेरामपूरहून निघाला होता. रॉबर्ट ड्रमंड याचे गुजराती व मराठी यांविषयीचे पुस्तक १८०८ मध्ये मुंबईतच छापले गेले होते. मराठीचे छापील व्याकरण बंगालमधून मुंबईस यावे हा त्या काळच्या मुद्रणाच्या भूगोलाचा एक चमत्कारच म्हणावयाचा. परंतु खरे शिक्षण झाले ते शास्त्र्यांजवळ बसून आणि पुढे रस्त्यांत, देवळांच्या आवारात, लोकांशी वाद घालून. अनिश्चित काळ भाषेत गुंतविल्यामुळे परवानगी आली त्या दिवशी त्यांच्या हाती काहीतरी होते. केवळ वाट पाहिली असती तर १८१४ मध्ये त्यांना पहिल्या अक्षरापासून आरंभ करावा लागला असता.

अल्पमुदतीच्या प्रवासाशी तुलना करावयाची ती याच मुद्द्यावर. दहा दिवसांसाठी गेलेल्या तुकडीचा बेत मोडला की तिच्याजवळ मोकळा वेळ उरतो, पण त्या वेळाचे रूपांतर करण्याचे साधन उरत नाही. स्थानिक भाषा येत नाही, आणि दहा दिवसांत येणारही नाही. दुभाष्या ज्या कामासाठी ठरविलेला असतो ते काम रद्द झाले की तोही मोकळा होतो. अशा वेळी नवा बेत कोण ठरविणार? ज्याला भाषा येते तो, म्हणजे यजमान. पाहुण्यांच्या दृष्टीने जो ‘बदललेला बेत’ असतो तो यजमानांच्या दृष्टीने पुष्कळदा त्यांचा मूळचाच बेत असतो. पाहुण्यांना तो आता कळलेला असतो, एवढेच. शाळेची भिंत रंगविण्यास आलेल्या तरुणांना भिंत आधीच रंगविलेली आढळावी आणि त्यांनी त्याऐवजी म्हाताऱ्यांच्या घरी बसून चहा घ्यावा असे सांगितले जावे, तर तेथे योजना कोसळली असे म्हणणे कितपत योग्य आहे? घरी बसणे हेच त्या गावाला हवे असू शकते. १८१२ च्या मंडळींना यजमान असे नव्हतेच. ज्यांच्यामध्ये त्यांना राहावयाचे होते त्या लोकांनी त्यांना बोलाविलेले नव्हते, आणि त्यांच्या येण्याजाण्याचा निर्णय कंपनी सरकार घेत होते. हा भेद विसरून जुन्या धडाडीची उदाहरणे आजच्या प्रवाशांपुढे ठेवली, तर त्यांतून भलताच बोध होण्याचा संभव असतो.

पाचांपैकी दोघांचे आशियातील वास्तव्य अल्पच ठरले. नॉट प्रकृती ढासळल्यामुळे १८१५ मध्ये परतला. राइस त्याच्याही आधी, १८१३ च्या वसंतात, मॉरिशसहून निघाला. प्रकृती सुधारून आणि अमेरिकेतील बाप्टिस्टांचा पाठिंबा मिळवून जडसनकडे परत यावयाचे, हा त्याचा संकल्प होता. तो पुन्हा कधीच आला नाही. तथापि त्याच्या खटपटीमुळे मे १८१४ मध्ये फिलाडेल्फियास बाप्टिस्टांची राष्ट्रीय मिशनरी परिषद स्थापन झाली, आणि १८३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो गावोगाव तिच्यासाठी फिरत राहिला. त्याच्या काही महिन्यांच्या परदेशवासाचा परिणाम स्वदेशात झाला. अल्प प्रवासाचे फळ कोठे शोधावे याविषयी हे उदाहरण विचार करावयास लावते.

राहिला प्रश्न अशा बदलांचे वर्णन करण्याच्या भाषेचा. मिशनरी पत्रव्यवहारात ‘द्वार’ हे रूपक सर्वत्र आढळते : द्वार उघडले, द्वार बंद झाले. मूळ अर्थात नव्या करारातले. पौलाची आशिया प्रांतात व बिथुनियात जाण्याची वाट अडते आणि तो मासेदोनियाकडे वळतो, हा प्रेषितांच्या कृत्यांच्या १६ व्या अध्यायातील प्रसंग तर बदललेल्या बेताचा आद्य नमुनाच मानला जातो. या रूपकाची खुबी अशी की त्यात द्वार लावणारा मनुष्य दिसत नाही. लॉर्ड मिंटोच्या सरकारचा हुकूम, जहाजातील अपुरी जागा, वादळ, स्वतःचे बदललेले मत, या सर्वांचे एकाच वाक्यात समानीकरण होते. श्रद्धेला त्याने धीर मिळतो. इतिहासाला मात्र अडचण होते, कारण कोणता बदल टाळता आला असता हे त्या वाक्यातून कळेनासे होते.

मराठीलाही अशी सोय आहे, आणि तिचे मूळ ख्रिस्ती परंपरेत नाही. ‘जाण्याचा योग आला नाही’ या वाक्यात कर्ता योग आहे. ‘परत यावे लागले’ यात सक्ती आहे, पण सक्ती करणारा नाही. आणि ज्याच्यावर ती होते तो ‘त्याला’ असा चतुर्थीत बाजूला उभा असतो. ‘बेत फिसकटला’ म्हणताना फिसकटविणारा कोण हे विचारण्याची चाल नाही. आशय सोडून केवळ रचना पाहिली, तर ‘द्वार बंद झाले’ आणि ‘योग नव्हता’ ही वाक्ये एकाच कुळातील आहेत. प्रवासाहून परतलेल्या तुकड्यांचे अहवाल तपासणाऱ्याने प्रथम त्यांतील कर्ते मोजावेत, ही सूचना अभ्यासाच्या दृष्टीने अस्थानी ठरू नये.

मुंबईतील कार्याचा पुढील इतिहास परिचित आहे. १८१६ मध्ये होरेशियो बार्डवेल आला आणि मुद्रणाची सिद्धता झाली. १८१७ मध्ये या छापखान्यातून पहिली मराठी पुस्तिका निघाली. सेरामपूरने मराठी नवा करार १८११ मध्येच छापला होता, परंतु मुंबईच्या मंडळींनी स्वतःचे भाषांतर करण्याचे ठरविले. न्यूएल १८२१ मध्ये पटकीने वारला. संपूर्ण नवा करार १८२६ मध्ये छापून झाला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिककडील दौऱ्यावरून परतताना हॉलही पटकीनेच गेला. मुलींसाठी मुंबईत या मिशनने काढलेली शाळा १८२४ ची. छापखाना मात्र माणसांहून टिकाऊ निघाला. त्यातील छपाई पाहून गणपत कृष्णाजी यांना स्वतःचा छापखाना काढण्याची प्रेरणा झाली, आणि १८३१ मध्ये त्यांनी पंचांग छापले. याच छापखान्यासाठी टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरीचे सुबक टाइप तयार केले. आणि त्यांच्या हाताखाली लहानपणी कामाला लागलेल्या जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना घातला व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्या छापखान्यातून पुढे जे संस्कृत ग्रंथ निघाले, ते आजही विद्यापीठांच्या ग्रंथालयांत रोज हाताळले जातात.